मधलं बोलणं

हिंगोलीत कुणाची फाईल सापडेनाशी झाली की लोक प्रभूकडं यायचे. फाईल म्हणजे कॉम्प्युटरमधली. एखाद्या शाळेच्या क्लार्कनं निकालपत्रक 'न्यू फोल्डर'मध्ये, त्याच्या आत आणखी एका 'न्यू फोल्डर'मध्ये असं कुठंतरी खोल गाडून ठेवलेलं असायचं आणि मग तो घामाघूम होऊन दुकानात यायचा. प्रभू आधी त्याला बसवायचा, पाणी द्यायचा, आणि त्याचं ते सगळं घर आवरून द्यायचा. वर्षाचा फोल्डर, त्यात वर्गाचा, त्यात विषयाचा. नावं सरळ, कुणालाही कळतील अशी. जाताना बजावायचा, "सर, वस्तूला घर पाहिजे. घर न्हाई त्या वस्तूला नाव असून उपयोग न्हाई."

हे बोलणारा माणूस स्वतः बिनघराचा वाढला होता. प्रभूचं कुटुंब सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावचं, धनगराचं. गावात दोन खोल्या होत्या, पण वर्षातले किती महिने त्यांना कुलूप असायचं. दिवाळी झाली की बाप नामाजी मेंढरं घेऊन निघायचा. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि मागून माय पंचफुलाबाई, कडेवर एखादं लंगडं कोकरू. हळद निघाली की कुरुंद्याच्या बाजूचे शेतकरी लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलवायचे, तिकडं मुक्काम पडायचा. लहानपणी प्रभूची पाटी एका मुक्कामाला राहायची, पुस्तक दुसऱ्या मुक्कामाला. एकदा तर सकाळी उठून बघतो तर दप्तर घोड्यानं खाल्लेलं. पाचवीत त्याला सेनगावच्या वसतिगृहात टाकलं. तिथं त्याला पहिल्यांदा एक लोखंडी पेटी मिळाली. ती पेटी तो दिवसातून किती वेळा उघडून बघायचा. सगळं जिथल्या तिथं आहे एवढं दिसलं की त्याला बरं वाटायचं.

नामाजीचा गळा त्या भागात नावाजलेला होता. ढोलावर थाप पडली आणि नामाजीनं कानावर हात ठेवून पहिली हाळी दिली की रानातली चालती माणसं थांबायची. बिरोबाची ओवी, मेंढरांची ओवी, रुसून माहेरी गेलेल्या धनगरणीची ओवी. एकेक ओवी दुपारी धरावी तर दिवस कलला तरी संपू नये. पण नामाजीची एक खोड होती. रंगात आला की त्याला पुढची ओळ आठवायची नाही. थाप चालू राहायची, तोंड उघडं राहायचं आणि शब्द यायचा नाही. तेव्हा मागं बसलेली पंचफुलाबाई हळूच पुढचा शब्द टाकायची. तिचा बाप मोठा ओवीकार होता. त्याच्या मांडीवर बसून तिनं सगळं ऐकलेलं होतं. स्वतः मात्र ती कधी गायली नाही. कुणी म्हणालं, "पंचफुलामाय, तुमी म्हणा की एखादी," तर पदर तोंडाला लावून म्हणायची, "मला न्हाई येत बाबा गायला. म्या नुसती सांगते."

कॉलेजात असताना प्रभूला त्याच्या एका मास्तरांनी बदलीवर जाताना आपला जुना टेपरेकॉर्डर देऊन टाकला. गोष्ट नव्वदीच्या दशकातली, शहाण्णव-सत्त्याण्णवची. सुट्टी लागली की प्रभू तो टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेटी घेऊन मेंढरं असतील तिथं जायचा. दुपारी मेंढरं लिंबाखाली एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची, माणसांना तेवढीच सवड. मग नामाजी ढोल घ्यायचा आणि प्रभू बटण दाबायचा.

"बिरोबाच्या माळावर काळी मेंढी हरवली…" नामाजी उचलायचा. "काळी मेंढी हरवली, तिनं वाट… तिनं वाट…"

"पाण्याच्या वासानं," मागून पंचफुलाबाई. "आवं, पाण्याच्या वासानं वाट धरली."

"पाण्याच्या वासानं तिनं वाट धरली!"

मध्येच ती एखाद्या पोराला ओरडायची, "आरं ते कोकरू बघ, बाभळीत घुसून राहिलं!" मध्येच नामाजीला म्हणायची, "घोटभर पाणी घ्या, घसा सुकला." एकदा टेप चालू असताना तिनं प्रभूलाच विचारलं होतं, "हे खरंच समदं धरून ठिवतंय का रं?" प्रभूनं वैतागून ओठांवर बोट ठेवलं होतं. रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून तो टेपरेकॉर्डर बापाच्या अगदी पुढ्यात ठेवायचा, आईपासून जमेल तेवढा लांब. तरी तिचा आवाज यायचाच.

पुढं हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांना टायपिंग लागलं, आणि टायपिंगची मशिनं जाऊन कॉम्प्युटर आले. प्रभूनं नांदेडला जाऊन कोर्स केला आणि दोन हजार दोन साली कचेरीच्या रस्त्याला एक लहानसं दुकान टाकलं. लग्न झालं. बायको रागिणी बारावी शिकलेली, हुशार. दुकानात झेरॉक्सचं काम ती बघायला लागली. नामाजीचे गुडघे गेले तशी मेंढरं थोडी ठेवून बाकीची पुतण्याकडं दिली, आणि म्हातारा-म्हातारी पुसेगावच्या दोन खोल्यांत स्थिरावले. दुकानाचं नाव झालं. प्रभूच्या कॉम्प्युटरमध्ये कुणाची कुठली अर्जाची प्रत कुठं आहे हे तो डोळे मिटून सांगायचा.

मग एका उन्हाळ्यात, वळवाच्या विजेनं, त्याची हार्ड डिस्क गेली. कडाड आवाज झाला, पडदा काळा पडला आणि परत उजळलाच नाही. गिऱ्हाइकांचे लग्नाचे फोटो, कचेऱ्यांचे तक्ते, सगळं गेलं. प्रभू दोन दिवस जेवला नाही. ओव्या त्यानं अजून कॉम्प्युटरमध्ये घेतल्या नव्हत्या म्हणून त्या वाचल्या. पण त्या तरी किती दिवस वाचणार? कॅसेटी पत्र्याखाली तापत होत्या, काहींची फीत चिकटायला लागली होती.

त्याच दसऱ्याला त्याचा कॉलेजचा मित्र स्वानंद पुण्याहून आला. त्याच्या घरी देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या. हा मात्र शिकून कॉम्प्युटर कंपनीत लागला होता. प्रभूचं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "अरे, आता कुणी सगळं घरात ठेवतं का? नेटवर जागा मिळते. फुकट. आपलं खातं उघडायचं आणि फाईली वर चढवायच्या. तुझं दुकान जळलं तरी त्या तिथंच."

"तिथं म्हंजे कुठं?"

"कुठंतरी. परदेशात. मोठमोठ्या मशिनी असतात त्यांच्या. आपल्याला काय करायचंय? पासवर्ड टाकला की आपल्या समोर."

प्रभूला हे एकदम पटलं. असं घर, जे हलत नाही, जळत नाही, जिथं वीज पडत नाही. लहानपणी त्या लोखंडी पेटीनं दिलं होतं तसलं काहीतरी त्याला पुन्हा मिळाल्यासारखं झालं. त्यानं खातं उघडलं आणि पहिली गोष्ट काय ठेवायची हे मनाशी ठरवून टाकलं. बापाच्या ओव्या.

पण फुकटच्या जागेला वेस होती, ठरावीक मापापलीकडं काही मावायचं नाही. शिवाय ब्रॉडबँड नवीन आलेलं, मुंगीच्या चालीनं चालायचं, आणि भारनियमन तर असं की मोठी फाईल अर्ध्यावर गेली की लाईट जायची आणि पहिल्यापासून चढवायची पाळी यायची. स्वानंदनं फोनवर सल्ला दिला, "तुकडे कर. जे लागत नाही ते काढून टाक. फाईल जेवढी लहान, तेवढी बरी."

प्रभूनं कॅसेटी वायरीनं कॉम्प्युटरला जोडून सगळं आत घेतलं. पडद्यावर आवाजाची रेघ उमटायची. नामाजीच्या गळ्याचे डोंगर दिसायचे, ढोलाचे सुळके दिसायचे, आणि दोन डोंगरांच्या मधल्या सपाटीवर बारीक वारुळं दिसायची. ती वारुळं म्हणजे पंचफुलाबाई. प्रभू माऊसनं वारूळ धरायचा, बटण दाबायचा, आणि डोंगराला डोंगर जोडला जायचा. जोड ऐकूही यायची नाही इतकं त्याचं काम सफाईचं होतं.

त्या दिवसांत पंचफुलाबाई हिंगोलीलाच होती. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. घरी एकटीला करमत नाही म्हणून रागिणी तिला दुकानात आणून बसवायची. स्टुलावर बसून ती पडद्यावरच्या रेघेकडं एका डोळ्यानं बघत राहायची. अशातच एका दुपारी स्पीकरमधून तिचा स्वतःचा आवाज आला. "आरं ते कोकरू बघ, बाभळीत घुसून राहिलं!"

म्हातारी दचकली. मग खुदकन हसली आणि पदर तोंडाला लावला.

"बया! हे तर म्या!" ती रागिणीला म्हणाली. "आगं ऐकलं का? म्या हाय ती. कुरुंद्याच्या रानात. ते कोकरू लई वांड व्हतं बघ…"

प्रभू हसला. त्यानं तेवढा तुकडा धरला आणि बटण दाबलं. मग बरोबर जुळलं का बघायला पुन्हा लावलं. नामाजीची ओवी एकसलग निघून गेली. म्हातारी वाट बघत राहिली.

"म्या कुठं गेले?"

"ते काढावं लागतं, माय."

"काहून?"

"गाण्याच्या मधी असलं बोलणं चांगलं वाटत न्हाई. लोक ऐकतील ना हे. आन् जागा बी कमी हाय तिथं."

पंचफुलाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग मान हलवून म्हणाली, "व्हय बाबा. काढ काढ. म्या काय गात व्हते थोडीच! उगाच कशाला जागा अडवायची."

रागिणीनं झेरॉक्सच्या मशीनवरून मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. "आवं, राहू द्या की एखाद्या ठिकाणी. आत्याबाईंचं बोलणं गोड वाटतं ऐकायला."

"एका ठिकाणी ठेवलं की सगळीकडं ठेवावं लागतं," प्रभू म्हणाला. तो कामात होता आणि ते काम त्याच्या हातचं होतं. त्यानं मान वर केली नाही.

काही आठवड्यांत काम पुरं झालं. देवाच्या ओव्यांचा एक फोल्डर, मेंढरांच्या ओव्यांचा एक, बायांच्या दुःखाच्या ओव्यांचा एक. प्रत्येक फाईलला ओवीचं नाव आणि कुठल्या रानात गायली त्या गावाचं नाव. स्वानंदनं ते त्याच्या ओळखीच्या लोकांना ऐकवलं. पुण्यामुंबईहून पत्रं आली, ईमेलवरची. किती स्वच्छ रेकॉर्डिंग, किती नीट मांडणी. प्रभूनं ती पत्रंही एका फोल्डरमध्ये ठेवली. मग कॉम्प्युटरमधल्या मूळ मोठ्या फाईली त्यानं पुसल्या, कारण डिस्क भरत आली होती आणि एकाच वस्तूच्या दोन प्रती इकडंतिकडं पडलेल्या त्याला खपायच्या नाहीत. कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला. कॅसेटी उरल्या. पुसेगावच्या भजनी मंडळाचा जळबा त्याच सुमारास दुकानात आला होता. म्हणाला, "प्रभू, कोऱ्या कॅसेटी कुठं मिळंनात बग. आमाला भजनं भरायची हायत." प्रभूनं कॅसेटींचा डबाच्या डबा त्याच्या हाती दिला. आता त्याचं काय काम होतं?

बापाला त्यानं कौतुकानं दुकानात आणून ओव्या ऐकवल्या. नामाजीनं एक पुरी ऐकली, दुसरी अर्धी ऐकली.

"चांगलं हाय," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "पण लई पळून राहिलं रं. म्या इतकं पळत न्हाई गाताना."

"मधलं काढलं ना, आबा. म्हणून तसं वाटतं."

"आस्सं," नामाजी म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला.

पुढच्या थंडीत पंचफुलाबाई गेली. काही आजारपण नाही. सकाळी मेंढरांना पाला टाकून आली, उन्हाला भिंतीशी बसली आणि तशीच कलंडली. शेजारणीनं हाक मारली तेव्हा अंग कोमट होतं. प्रभू हिंगोलीहून जीपनं पोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती आणि नामाजी दाराच्या उंबऱ्यावर बसून त्या माणसांकडं असं बघत होता जणू ती दुसऱ्याच कुणाच्या घरी आली आहेत.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. आणि मग एक दिवस, काही कळवल्याशिवाय, नामाजी एकटाच हिंगोलीला आला. काठी टेकत दुकानाची पायरी चढला. दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिला. गिऱ्हाईकं गेल्यावर म्हणाला, "तुह्या त्या मशिनीत तुही माय हाय ना? लाव जरा."

प्रभूनं माऊसवरचा हात काढून घेतला. तो म्हणाला, "ओव्या हायत, आबा. तुमच्या."

"त्याच म्हणून राहिलो. त्यात ती बोलते की. लाव."

प्रभूनं लावली. का लावली, त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. कदाचित त्याला वाटलं असेल की एखाद्या ठिकाणी हात चुकला असेल, एखादं वारूळ नजरेतून सुटलं असेल. काळ्या मेंढीची ओवी सुरू झाली. नामाजी पुढं वाकून, एक कान स्पीकरकडं करून ऐकत होता. ओवी त्या जागेला आली तसं त्यानं बोट वर केलं.

"आता बोलंल. इथं म्या अडकलो व्हतो."

ओवी अडकली नाही. मेंढीनं पाण्याच्या वासानं वाट धरली आणि ती पुढं निघून गेली.

नामाजीचं बोट तसंच वर राहिलं. "आरं, गेलं की. ऐकू आलं न्हाई मला. परत लाव."

प्रभूनं परत लावली. मग दुसरी लावली, तिसरी लावली. प्रत्येक ओवीत म्हाताऱ्याला आपली अडखळायची जागा ठाऊक होती. प्रत्येक वेळी तो बोट वर करायचा, आणि प्रत्येक वेळी त्याचाच गळा त्या जागेवरून न अडखळता निघून जायचा. रागिणी झेरॉक्सजवळ उभी होती. ती आत निघून गेली.

"न्हाई ते, आबा," शेवटी प्रभू म्हणाला. "म्या काढलं ते. मायचं बोलणं काढून टाकलं."

नामाजीला राग आला नाही. त्यानं नुसतं साधं विचारलं, माणूस घरात एखादी वस्तू दिसली नाही तर विचारतो तसं.

"काढलं म्हंजे कुठं ठिवलं?"

हिंगोलीत कुणाची कुठली वस्तू कुठं आहे हे डोळे मिटून सांगणारा प्रभू स्टुलाजवळ येऊन खाली बसला.  मग म्हणाला, "कुठंच न्हाई."

"आस्सं," नामाजी म्हणाला.

त्या दिवसापासून प्रभूनं शोध चालवला. पुसलेल्या फाईली वर काढणारे प्रोग्राम आणले. डिस्क पालथी घातली तर वर काय आलं? कुणाच्या बारशाचा अर्धा फोटो, कुठल्याशा सोसायटीचा तक्ता. मूळ फाईलींच्या जागेवर केव्हाच दुसरं काही लिहिलं गेलं होतं. नेटवरच्या त्या कंपनीला त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं. वेड्या आशेनं लिहिलं, कारण ते बोलणं तिथं कधी गेलंच नव्हतं. चार ओळींचं नम्र उत्तर आलं. स्वानंदला फोन केला. स्वानंद म्हणाला, "अरे, मूळ प्रत कुणी पुसतं का?" आणि मग लागत नाही ते काढायला आपणच सांगितलं होतं हे त्याला आठवलं असावं, कारण लगेच म्हणाला, "सॉरी रे."

राहिल्या कॅसेटी. प्रभू पुसेगावला गेला. जळबा मारुतीच्या देवळात भजनाची बाजापेटी पुसत बसला होता. प्रभूनं कॅसेटींचं विचारलं तसा त्याचा चेहरा पडला.

"त्यावर भजनं भरली की रं. तूच तर दिल्त्यास."

"व्हय, म्याच दिल्त्या. ऐकून बघू दे पण."

देवळातच दोघं बसले. मंडळाच्या टेपवर एकेक कॅसेट लावली. भजन, भजन, भजन. टाळ इतके जोरात की त्यामागं काही असलं तरी ऐकू आलं नसतं. दुपार सरली. जळबानं दोनदा चहा मागवला, स्वतः प्यायला नाही. मनातल्या मनात तो ओशाळला होता, पण त्याचा काय दोष? एका कॅसेटीचं भजन फीत संपायच्या आधीच आटोपलं होतं. 'विठ्ठल विठ्ठल' झालं, कुणीतरी खाकरलं, खट्ट वाजलं. आणि मग एकदम ढोल.

प्रभू उठून उभा राहिला.

ढोल वाजत होता. नामाजी गात होता, दहा-अकरा वर्षांपूर्वीचा, भरल्या गळ्याचा. मग तो अडखळला. थाप चालू राहिली. त्या थापेमागून, खूप लांबून, कुणीतरी काहीतरी बोललं. शब्द कळत नव्हता; बायकी आवाज आहे एवढंच कळत होतं. नामाजीनं श्वास घेतला, गाणं उचललं, आणि फीत संपली.

जळबा डोळे पुसत म्हणाला, "पंचफुलामायच."

प्रभूनं ती कॅसेट छातीशी धरून हिंगोलीला आणली. तेवढा तुकडा कॉम्प्युटरमध्ये घेतला. आवाज वाढवून बघितला तर फितीची खरखर वाढली. खरखर कमी केली तर आवाजच पातळ झाला. ज्या टेपरेकॉर्डरला त्यानं आपल्या हातानं आईपासून लांब ठेवलं होतं, तो आता जवळ आणता येत नव्हता. शेवटी त्यानं नामाजीला बोलावलं.

म्हाताऱ्यानं ऐकलं. एकदाच.

"कळलं का, आबा, काय म्हणली?"

"कळलं की."

"कोणची ओळ सांगितली?"

"ओळ न्हाई सांगितली. ओळ मला येत व्हती तिथली." नामाजीनं फेट्याच्या टोकानं नाक पुसलं. "दम घ्या, म्हणली. जरा दम घ्या."

प्रभूला वाटत होतं, माय मध्ये बोलायची ती ओळ सांगायला, नाहीतर मेंढरांवर ओरडायला. इतके दिवस त्यानं ती वारुळं एकेक करून ऐकली होती, पुसण्याआधी नीट तपासली होती. तिनं किती वेळा काय काय म्हटलं असेल? त्याला एकही आठवेना. ऐकताना त्याचं सगळं लक्ष गाणं कुठं तुटतं आणि कुठं जोडता येतं याच्याकडं होतं.

"अजून जरा साफ करून बघतो," तो म्हणाला. "पुण्याला एक जण हाय, त्याच्याकडं चांगली मशीन…"

"नको," नामाजी म्हणाला. "याला आता हात लावू नको."

प्रभूनं तो तुकडा होता तसा ठेवला. नेटवरच्या जागेत आईच्या नावाचा एक फोल्डर केला आणि त्यात ती एकच फाईल घातली. बाकीच्या फोल्डरांत ओव्या रांगेत लावलेल्या, नावानिशी, गावानिशी. लोक अजून ऐकायचे, अजून कळवायचे, किती स्वच्छ. त्या पत्रांना उत्तर लिहायचं त्यानं सोडून दिलं. दुकानात कुणी म्हणालं, "हे जुनं पुसून टाका, जागा होईल," तर तो म्हणायचा, "तुमच्या हातानं पुसा," आणि माऊस त्यांच्याकडं सरकवायचा. गिऱ्हाईकांना वाटायचं, प्रभू हल्ली आळशी झाला.

दरवर्षी बिरोबाच्या जत्रेत गाणारा नामाजी त्या वर्षी ढोलाला बसला नाही. लोकांनी आग्रह केला, पुतण्यानं पाय धरले. म्हातारा म्हणाला, "अडकलो तर काय करू?" आणि मागं, बायांच्या बाजूला जाऊन बसला.

पुढं काही दिवस तो आठवड्याच्या बाजाराला हिंगोलीत आला की दुकानात यायचा, स्टुलावर बसायचा आणि तो तुकडा लावायला सांगायचा. प्रभू हातातलं काम टाकून लावायचा. ढोल, अडखळणं, ते लांबचं बोलणं, श्वास, खट्ट. नामाजी उठायचा आणि जीपकडं चालू लागायचा. मग एका बाजाराला तो आला, बसला, रागिणीनं दिलेला चहा प्याला, आणि तुकडा लावायला न सांगताच उठला.

"लावू का, आबा?" प्रभूनंच विचारलं.

"नको रं," नामाजी म्हणाला. "इथं ऐकलं की ती इथंच मशिनीत हाय असं वाटतं. मग घरी गेलं की घर लई रिकामं लागतं."

तो पायरी उतरून गेला. पुढं दर बाजाराला तो यायचा, नातीसाठी, प्रभूच्या लेकीसाठी, शेव आणायचा, मेंढरांचं सांगायचा, पाण्यापावसाचं सांगायचा. ते मात्र त्यानं पुन्हा कधी लावायला सांगितलं नाही. प्रभू प्रत्येक बाजाराला ती फाईल उघडून तयार ठेवायचा.